वसंताचं शून्य

वसंत गोताडचा फोटो माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल असं वाटत नाही, आणि असलाच तर तो त्यात हललेला निघाला असेल. हा माणूस कधी एका जागी उभा राहिला नाही. माझ्या टपरीवर चहा प्यायला यायचा तोही फेऱ्या मारत प्यायचा. अर्धा पिऊन झाला की कप कठड्यावर ठेवून निघून जायचा आणि तासाभराने परत येऊन विचारायचा, "वयनी, माजा चहा कुटं हाय?" सुरुवातीला मी नवीन करून द्यायची. मग मी त्याला पहिल्यापासून अर्धाच कप द्यायला लागले. त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

रत्नागिरीत बंदराकडून वर येणारा रस्ता आहे. त्याचा चढ संपतो तिथं माझी टपरी होती आणि टपरीला लागून वसंताची पत्र्याची शेड. ऐंशी सालानंतरची सहा-सात वर्षं आम्ही शेजारी होतो. माझे यजमान बोटीवर. वर्षातले दोन महिने घरी आणि दहा महिने पाण्यावर. त्यामुळे त्या वर्षांत मी नवऱ्यापेक्षा वसंताशी जास्त बोलले असेन. लोक काय काय बोलायचे. बोलू देत.

तो गाड्यांची वायरिंगची कामं करायचा. इंजिनाला हात लावायचा नाही. बाप पोफळीच्या पॉवर हाऊसवर कामाला, त्यामुळे हा तिथल्या कॉलनीत वाढलेला. घरातली वीज दुरुस्त करायला सांगितली तर नको म्हणायचा. एकदा टपरीतला माझा दिवा गेला तेव्हा म्हणाला, "वयनी, ती वीज एका दमात मारते, तिच्यात काय शोधायचं? गाडीची बारा व्होल्टची वीज मारत नाय. छळते." शेवटी दिवा मीच बसवला.

त्याचं हत्यार म्हणजे एक बल्ब. बल्बाला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि सुई वायरीत टोचत जायचं. बल्ब पेटला म्हणजे इथपर्यंत वीज येते आहे. नाही पेटला म्हणजे मधेच कुठंतरी मेली. तो बल्ब त्याच्या गळ्यात असायचा. देवळात गेला तरी असायचा. त्याची बायको गावाहून क्वचित यायची. ती मला म्हणाली होती, "ह्यांच्यासमोर बिघडलेलं कायतरी आणून ठेवा. चांगलं असेल तर ते बघत पण नायत."

आमच्याकडे गाड्या बिघडायच्या त्या खाऱ्या पाण्याने. बंदरातून मच्छीचे टेम्पो भरून निघायचे. खोक्यांतला बर्फ वितळून गळायचा आणि ते पाणी वायरी खायचं. बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि आत हिरवा भुगा झालेला असतो. असे दोष कधी असतात, कधी नसतात. ड्रायव्हर गाडी आणतो तेव्हा सगळं चालू आणि इथून दोन मैल गेला की बंद. वसंताला असले दोष आवडायचे. आवडायचे म्हणजे त्याला त्यांच्यापायी जेवण जायचं नाही.

दोषांना त्याने नंबर दिले होते. एक म्हणजे बॅटरी. दोन म्हणजे बॅटरीच्या टोकांवर चढलेला चुना. पाच म्हणजे डायनॅमो. नऊ म्हणजे वायर पत्र्याला जिथं टेकवलेली असते तिथला गंज. असे एकवीसपर्यंत. काम झालं की बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तो नंबर लिहायचा. पुढच्या वेळी बॉनेट उघडलं की गाडीचं सगळं आजारपण समोर. कागदावर त्याने ही यादी कधी लिहिली नाही. ऐकून ऐकून ड्रायव्हरांना पाठ झाली आणि मलाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण एकवीसपर्यंत मोजता येतं. ड्रायव्हर लांबून ओरडत यायचे, "वसंता, माजी परत नऊ झाली रे!" आणि हा उलटा ओरडायचा, "नऊ का पाच ते मी सांगीन. तू गाडी लाव आणि तोंड बंद ठेव."

चौदा नंबर म्हणजे नारळ. तो दसऱ्याचा दोष. दसऱ्याला सगळे गाड्या धुऊन झेंडूचे हार घालणार, बॅटरीला हळदकुंकू लावणार आणि बॉनेट उघडून नारळ फोडणार तो थेट इंजिनाच्या डोक्यावर. पाणी जायचं वायरींत. दुसऱ्या दिवशी सकाळी चढावर ओळीने सात-आठ गाड्या ढकलत आणलेल्या. वसंता एकेकाचं बॉनेट उघडून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "नारळ गोड निघाला वाटतं." एका वर्षी त्याने दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं की नारळ चाकापुढे फोडा. त्यावर एक म्हातारा ड्रायव्हर बोलला, "तुज्या पायाशी नैवेद्य ठेवला तर तू जेवशील काय?" दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्याची गाडी ओळीत पहिली होती.

आता शून्याचं सांगते. ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते हेच.

शून्य म्हणजे गाडीत दोष नाही, गाडी चालवणाऱ्यात आहे. ड्रायव्हर झोपतो, पितो, चढावर गिअर चुकवतो आणि येऊन सांगतो की गाडी बंद पडली. वसंता सगळं तपासायचा आणि काही सापडलं नाही तर शून्य लिहायचा. आधी ती गंमत होती. ज्याच्या गाडीवर शून्य त्याच्याकडून सगळ्यांना भजी. पण ही गंमत मालकांच्या कानावर गेली. मग ते स्वतः यायचे, बॉनेट उचलून शून्य आहे का तेवढं बघायचे. बाकीच्या नंबरांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ड्रायव्हर घाबरायला लागले. एकाने रॉकेलने पुसलं, तर वसंताने पुन्हा लिहिलं.

मी त्याला सांगितलं होतं, "मेल्या, ते शून्य लिहायचं सोड. काय सापडलं नाही तर लिहू नको."

"रिकामं ठेवलं तर मी बघितलंच नाय असा अर्थ होतो."

"होऊ दे."

"का होऊ दे? मी बघितलंय. बल्ब पेटलाय. माजा बल्ब खोटं बोलत नाय, वयनी."

नाटे गावचा भिकू म्हणून एक ड्रायव्हर होता, पन्नाशीचा. मुरारशेठ म्हणून बंदरावर मच्छीचा व्यापारी होता, त्याचा टेम्पो चालवायचा. पूर्वी दारू प्यायचा, मग सोडली. दारू सोडली म्हटल्यावर कोण विश्वास ठेवतं? पितो म्हटलं की लगेच ठेवतात. भिकूचा टेम्पो पहाटे काळोखात निघायचा. माझ्या टपरीच्या पुढे जरा अंतरावर वळण आहे आणि वळणावर जागेवाल्याचं, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराचं, ठिकाण. एक काळा दगड, त्यावर शेंदूर. त्या वळणावर भिकूचे पुढचे दिवे अचानक जायचे आणि थोड्या वेळाने आपोआप यायचे. दोनदा झालं. तिसऱ्यांदा टेम्पो गटारात गेला. खोकी फुटली, मच्छी रस्त्यावर पसरली. लोक धावले ते आधी मच्छी गोळा करायला आणि मग भिकूला बाहेर काढायला. मीही चार बांगडे उचलले. खोटं कशाला सांगू?

भिकूच्या कपाळाला टाके पडले. टेम्पो तीन दिवस वसंताच्या शेडमध्ये उभा होता. त्याने दिवे तपासले, बटणं तपासली, फ्यूज काढून घासून बसवले, हॉर्न वाजवून बघितला. बल्ब सगळीकडे पेटला. चौथ्या दिवशी त्याने शून्य लिहिलं.

मुरारशेठने बॉनेट उचललं, बघितलं आणि खाली टाकलं. भिकू कपाळाला पट्टी बांधून तिथंच उभा होता. तो शेठशी बोललाच नाही. वसंताकडे वळला.

"वसंता, देवाशपथ दिवे गेले रे. तीनदा गेले."

"भिकूदादा, मना शपथ चालत नाय. मना वायर दाखव."

"वायर तू दाखवायची. मी ड्रायव्हर हाय."

शेठ म्हणाला, "चावी दे." भिकूने चावी दिली. एवढंच झालं.

त्यानंतर त्याला बंदरावर कुणी गाडी दिली नाही. नाट्यात अर्धे म्हणायचे पुन्हा प्यायला लागला आणि अर्धे म्हणायचे जागेवाला त्याच्यावर रागावलाय. भिकूने एक जुनी सायकल घेतली आणि तिच्यावर टोपली बांधून दारोदार मासे विकू लागला. मुरारशेठने कराडकडचा एक ड्रायव्हर ठेवला. त्याचे दिवे एकदाही गेले नाहीत. म्हणजे शून्य खरंच, असं सगळ्यांनी धरलं.

वसंताने मात्र धरलं नाही. शून्य लिहिलं की तो गाडी विसरायचा, ही त्याची रीत. हे त्याला विसरता येईना. चहा घेताना मधेच म्हणायचा, "खोटं बोलणारा एकदा गेले म्हणतो, वयनी. तीनदा गेले, तिथंच गेले, असं कोण कशाला रचून सांगेल?" मी म्हटलं, "हे त्या दिवशी शेठला सांगायचं होतंस." तो कप ठेवून निघून गेला. मुरारशेठकडे टेम्पो पुन्हा तपासायला मागितला तर शेठ म्हणाला, चालती गाडी कशाला उघडू?

दोन-अडीच महिने असे गेले असतील. एका सकाळी भिकू सायकल ढकलत चढ चढून आला, वसंताकडे न बघता पुढे गेला आणि वळणावर जाऊन घंटी वाजवली. लांब लांब, तीनदा. समोर माणूस नाही, गाडी नाही.

वसंता चहा टाकून धावला. मीही मागोमाग गेले.

"घंटी कुणाला वाजवलीस?"

भिकूने त्याच्याकडे असं बघितलं की ते मी विसरले नाही. "जागेवाल्याला. तुज्या बापाला वाजवीन काय?"

"टेम्पोत असताना पण?"

"तर! हॉर्न द्यायचो. तो मोठा हॉर्न त्याच्यासाठीच तुज्याकडून बसवून घेतला होता. तीन लांब हॉर्न दिल्याशिवाय मी कधी पुढं गेलो नाय."

"दिवे चालू असताना?"

"काळोखात दिवे बंद करून हॉर्न देऊ?"

वसंता तिथंच रस्त्यावर खाली बसला. शेडमध्ये त्याने दिवसा दिवे वेगळे तपासले होते आणि हॉर्न वेगळा. दोन्ही एकदम लावून बघितले नव्हते. दिवसा कोण लावतो? आणि कराडचा ड्रायव्हर आमच्या जागेवाल्याला हॉर्न कशाला देईल? त्याला तो दगड काय आहे हेच ठाऊक नव्हतं.

तो कराडवाला बारा वाजता रिकामा टेम्पो घेऊन परत यायचा आणि इंजिन चालू ठेवून माझ्याकडे चहा प्यायचा. त्या दिवशी तो उतरून बाकावर बसतो न बसतो तोच वसंता टेम्पोत चढला. "ओ, शेठला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!" म्हणून तो ओरडला. वसंता मला म्हणाला, "वयनी, पुढं उभी ऱ्हा. दिव्यांकडं बघ. दुसरीकडं बघायचं नाय." मी हाताने ऊन अडवून उभी राहिले. त्याने दिवे लावले आणि हॉर्न दाबला. पहिला लांब हॉर्न झाला. दिवे होते. दुसऱ्याला मंद झाले. तिसऱ्याला गेले.

"गेले!" मी ओरडले. मग थोड्या वेळाने आपोआप आले.

तो डॅशबोर्डच्या खाली उताणा शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा हातात वायरीचा बोटभर तुकडा होता, मधे काळ्या टेपची गाठ. मोठ्या हॉर्नला वीज हवी म्हणून दिव्यांच्या वायरीला जोड दिलेला. टेप सोलली तर आत हिरवा भुगा. दोनचार तारा कशाबशा टिकलेल्या. दिव्यांपुरती वीज त्यातून जायची, पण वर हॉर्नही लागला की गाठ तापायची आणि सुटायची. थंड झाली की पुन्हा टेकायची.

त्याने गाठ माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "ही गाठ माजी. हॉर्न मी बसवला."

तिथं मी आणि तो कराडवाला एवढीच माणसं होतो. आम्हाला त्या गाठीतलं काय कळत होतं? गप्प राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. दोष मिळाला, नंबर लिही, भिकू सुटला, गाठ कुणाची ते कशाला बोलतोस? तो माझ्यावर इतका चिडला की आठ दिवस चहाला आला नाही.

ती गाठ घेऊन तो मुरारशेठकडे गेला. शेठ म्हणाला, "बरं झालं सापडलं. आता नीट कर."

"भिकूला परत घ्या."

"नवा बरा हाय. आणि तूच लिवला होतास ना शून्य? आता तूच सांगतोस चुकला. उद्या आणिक काय सांगशील?"

मग वसंता बंदरावरच्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे गेला. गाठ पुढे करायची आणि सांगायचं, भिकू खरं बोलत होता, चूक माझ्या हातची. तिसऱ्या दिवशी नाट्याच्याच एका मालकाने भिकूला गाडी दिली. भिकू मला येऊन म्हणाला, "वयनी, मना पण वाटायला लागला होता, माज्याच डोक्यात कायतरी झालाय. डोळे तपासून आलो. बायकोला सांगितला नाय." त्यानंतर भिकू वसंताच्या शेडमध्ये कधी गाडी घेऊन गेला नाही आणि त्याच्याशी बोललाही नाही. मला त्यात काही चूक वाटत नाही.

वसंताची गिऱ्हाईकं तुटायला लागली. मालक म्हणायचे, ह्याचं एक चुकलं म्हणजे बाकीची कशावरून बरोबर? वसंताही तेच म्हणायचा. त्याने आजवर लिहिलेली शून्यं बोटांवर मोजली. भिकूचं धरून बारा. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, सगळं त्याला पाठ. मग तो शेडला कुलूप लावून ती शोधत फिरू लागला. एक देवरुखला, एक राजापुरात, एक लांज्याच्या पुढे कुठंतरी. गाडी विकली गेली असेल तर नव्या मालकाच्या दारात जाऊन बसायचा. लोक हाकलायचे. दोष मिळाला तर ड्रायव्हरच्या घरी जाऊन सांगायचा आणि नाही मिळाला तरी सांगायचा, "तुमचं शून्य बरोबर होतं." ह्या दुसऱ्या कामापायी त्याने एका ठिकाणी मार खाल्ला. ओठ सुजवून आला तेव्हा मी म्हटलं, "तिथं कशाला बोलायला गेलास?" म्हणाला, "तपासलं होतं ना."

मी त्याला शेवटचा पाहिला तो हर्णैला. माझी बहीण तिथं दिलेली. तिचं दुखणं काढायला मी गेले होते. संध्याकाळी बंदरावर मच्छीचा लिलाव चालू होता आणि आम्ही दोघी मागच्या गल्लीतून घरी चाललो होतो. एका अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपाशी वसंता उभा दिसला. समोर बाकावर एक म्हातारी.

बहिणीने हळूच सांगितलं, ही गणूची आई. गणू जीप चालवायचा. जीप वाटेत बंद पडते म्हणायचा, पण रत्नागिरीला नेली तर शून्य आलं. मालकाने काढला. मग तो मुंबईला गेला आणि तिकडेच आजारी पडून वारला. गावात अजून कुणी थाप मारली की त्याला गणूची जीप म्हणतात.

मी वसंताला विचारलं, "जीप बघितलीस?"

"भंगारात गेली. दोन वर्षं झाली."

"मग काय तपासणार?"

म्हातारीने विचारलं, "कोण रे तू? मघापासून नुसता उभा हायस."

"मी रत्नागिरीचा वायरमन. गणूच्या जीपवर शून्य मी लिहिलं होतं. तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं."

म्हातारी म्हणाली, "म्हणजे माजा गणू खोटं बोलत नव्हता?"

वसंताने माझ्याकडे बघितलं. मी बोंबलांकडे बघितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, आता कुणालाच कळणार नव्हतं.

"नव्हता," वसंता म्हणाला.

म्हातारी रडली वगैरे नाही. काठी घेऊन उठली, गल्लीत गेली आणि ओरडली, "अगो शेवंते! पारू! या गो इकडं, हा काय सांगतो ऐका!" दोघीतिघी आल्या. म्हातारी वसंताला म्हणाली, "आता सांग." त्याने सांगितलं. आणखी चारजणी आल्या, त्यांना पुन्हा सांगितलं. एकीला कमी ऐकू यायचं म्हणून म्हातारीने त्याला मोठ्याने सांगायला लावलं. तो मोठ्याने बोलला, "गणू खोटं बोलत नव्हता. चूक माजी होती."

बहीण मला ओढायला लागली. तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. आम्ही निघालो. मागे म्हातारी त्याला सांगत होती, "एवढ्यात जाऊ नको. लिलाव सुटू दे. जीपवाला मालक तिथंच हाय, तो ह्याच वाटेनं येतो. त्याच्या तोंडावर सांग."

"बरं," वसंता म्हणाला.